होय वर, नाही खाली

आमच्या वसाहतीच्या अध्यक्षांना मतदानाबद्दल फार आदर आहे. लोकांनी काय मत द्यायचं ते आधी ठरलेलं असावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते. तळमजल्यावरचं पाळणाघर बंद करून तिथे समितीचं कार्यालय करायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. कार्यालयात करणार काय, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "समितीला बसायला जागा नको?" बसण्यापलीकडे समितीने आजवर काही केलेलं नसल्यामुळे मुद्दा रास्त होता.

त्या पाळणाघरात माझी लेक जाते. मला पुढच्या महिन्यापासून रोज ऑफिसात हजर व्हायचं होतं. आसपास दुसरं पाळणाघर नाही, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी नातीमागे धावायला केव्हाच नकार दिलाय. म्हणजे पाळणाघर गेलं की माझी नोकरी गेली. आणि पाळणाघराच्या जागी कार्यालय करावं का, या मतदानाची बटणं वसाहतीच्या वेबसाइटवर करून द्यायचं काम अध्यक्षांनी टाकलं ते माझ्याच गळ्यात. "तू घरीच असतेस ना," म्हणाले. घरी असते तेव्हा मी पगार घेऊन लोकांच्या वेबसाइटी बनवत असते, हे त्यांना सांगून माझी जीभ झिजली आहे.

मी केलेली बटणं साधी होती. होय आणि नाही, एका मापाची. कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी, फोनवर एकाखाली एक. लेकीला कडेवर घेऊन, उरलेल्या हाताच्या अंगठ्याने दाबून पाहिली. आईच्या दोन हातांपैकी एकच तिच्या मालकीचा असतो, हे बटणं करणाऱ्यांच्या सहसा गावीही नसतं.

"दोन्ही सारखीच दिसतात," अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं.

"मतदान आहे काका."

"म्हणून काय झालं? लोकांना दिशा नको द्यायला?"

मग दिशा ठरली. होय हिरवं, भलं मोठं आणि वर. नाही करड्या रंगाचं, बारीक, पार तळाशी. आणि या सगळ्याच्या डोक्यावर अध्यक्षांचा संदेश, पान कितीही सरकवा, तो पडद्याच्या माथ्यावरून हलायचा नाही. संदेश 'आदरणीय बंधू-भगिनींनो'ने सुरू होऊन 'सर्वांगीण उन्नती'पर्यंत पोचेतो वाचणाऱ्याचा चहा गार होईल एवढा होता.

"हे मी करणार नाही," मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं.

"कशाला उगाच वाकड्यात शिरतेस," तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला. घरातल्या कपाटाचंही कुठल्याही प्रश्नावर हेच मत असतं. फक्त ते बोलून दाखवत नाही.

शेवटी केलं. मी नाही म्हटलं असतं, तर अध्यक्षांच्या भाच्याने केलं असतं, आणि तो 'नाही' ठेवायचंच विसरला असता.

मतदानाच्या आदल्या दिवशी सगळं तपासायला घेतलं. अध्यक्षांच्या कॉम्प्युटरवर ठीक. माझ्या फोनवर ठीक. मग मला सासूबाईंचा फोन आठवला. त्यांनी अक्षरं एवढी मोठी करून घेतली आहेत की समोरच्या बसमधल्या माणसालाही त्यांचे निरोप वाचता यावेत.

"अगं, यात नुसतं 'नाही'च आहे," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. अक्षरं मोठी झाली तसा अध्यक्षांचा संदेश फुगला आणि आपल्याच हिरव्या होयवर जाऊन बसला. तळाशी दूर टाकलेलं नाही तेवढं स्वच्छ दिसत होतं. आणि वसाहतीत मोठ्या अक्षरांचे फोन कोणाचे? अध्यक्षांबरोबर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचे.

गप्प बसावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण उद्या कुणी बोंब मारली, की मतदान पुन्हा होईल, या वेळी भाच्याच्या हातून. मी तशीच लेकीला उचलून खाली गेले आणि अध्यक्षांना सासूबाईंचा फोन दाखवला.

"संदेश दोन ओळींचा करा, नाहीतर वरून हलवू द्या. लगेच होय दिसेल."

"त्यातला एक शब्दही काढता येणार नाही. विचार करून लिहिलाय."

"पण काका, तुमच्याच लोकांना होय दिसणार नाही."

"मग त्यांनी अक्षरं लहान करावीत. एवढं कळत नाही का लोकांना?"

मी तिथेच उभी राहून वसाहतीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं: मोठ्या अक्षरांच्या फोनवर होय झाकलं जातं, संदेश लहान केला तर दिसेल. अध्यक्षांनी सर्वांसमक्ष उत्तर दिलं, "संदेश आहे तसाच राहील. ज्यांना दिसत नाही त्यांनी आपल्या डोळ्यांची सोय पाहावी."

हे वाचून फिरायला जाणाऱ्या मंडळींना काय वाटलं असेल, याचा अंदाज बांधायला समिती लागत नाही.

मतदान झालं. पाळणाघर राहिलं, आणि चांगल्या फरकाने राहिलं.

संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर अध्यक्ष त्यांच्या सोबत्यांना जाब विचारत होते. मी लेकीला घेऊन परत येत होते.

"मला 'नाही'च दिसलं, तेच दाबलं," निवृत्त मास्तर म्हणाले.

"अक्षरं लहान करायची होतीत की."

"तुझ्यासाठी? मग औषधाच्या बाटलीवरचं कोण वाचणार, तू?"

"मला होय दिसत होतं," शेजारचे आजोबा शांतपणे म्हणाले. "तरी 'नाही'च दाबलं. नात तिथेच असते माझी. कार्यालयात तू तिला सांभाळणार होतास का?"

अध्यक्षांची नजर माझ्यावर पडली. मला वाटलं, आता फेरमतदान काढतात. लेक माझा कान ओढत होती, तिला ओढू दिला.

"काय गं," ते म्हणाले, "लोक वाचतच नाहीत हल्ली. पुढच्या मतदानाला संदेश आणखी मोठ्या अक्षरात टाक."

"टाकते ना काका," मी म्हटलं.