नऊ फुल्या

रुग्णाचा सन्मान हाच आमचा धर्म, असं कॅन्सर ओपीडीच्या भिंतीवर पितळी अक्षरांत लिहिलेलं होतं. त्या अक्षरांखालच्या लोखंडी खुर्चीवर मोशीचे सोपानराव दीड तास एका बाजूला कलून बसले होते. रोग हाडांत उतरल्यापासून त्यांना सरळ बसता येत नव्हतं.

आत बोलावल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, दुखणं दहापैकी किती?"

"आठ."

"मागच्या खेपेला तीन होतं. मॉर्फिनची गोळी वाढवू या."

"वाढवून उपयोग काय?" त्यांची सून तनुजा म्हणाली आणि तिनं पर्समधली डबी टेबलावर उपडी केली. अठरा गोळ्या. "आज सकाळी उशीखाली सापडल्या. तीन दिवस घेतच नाहीयेत. आणि हेही सापडलं."

हे म्हणजे कॅलेंडरचं पान. सोपानरावांनी चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्स केला होता. तिथं प्रत्येक मशीनला रोजचा तक्ता टांगलेला असे. सवय राहिली. गोळी सुरू झाल्यापासून रोज एक फुली, अशा नऊ फुल्या. सहावीपुढे सुवाच्य अक्षरात: 'लाईन चोक. गोळी बंद करून पाहणे.'

"आबा, मला का नाही सांगितलंत?"

"सुनंला काय सांगायचं असतं व्हय असलं?" सोपानराव भिंतीकडे बघत म्हणाले. "शेजारच्या बबनरावानं इसबगोल दिला, त्यानं तर पोटाचा दगड झाला. दुखणं सोसतं, पोरी. ह्ये न्हाई सोसत."

"अहो, मला तरी सांगायचं!" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही विचारायचं!" तनुजाचा आवाज बाहेरच्या खुर्च्यांपर्यंत गेला. "ह्या गोळीनं असं होतं का?"

"बहुतेकांना होतंच."

"होतंच? मग पहिल्याच दिवशी जोडीला औषध का नाही दिलंत? तीन खेपा झाल्या. दहापैकी किती, दहापैकी किती! संडासला झाली का, एवढं विचारायला काय जिभेला फोड आले होते?"

डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. "आमच्या फॉर्ममध्ये तो कॉलम नाहीये."

"आमच्या कूलंट पंपाच्या तक्त्यात व्हता," सोपानराव म्हणाले.

नर्सनं पोट तपासलं, पडदा ओढून एनिमा दिला. डॉक्टरांनी रोज घ्यायचं पातळ औषध लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर बरोबरची खूण होती. पुढे लिहिलेलं: '६.४०. लाईन चालू. गोळी घेतली.'

ते पातळ औषध सोसायटीच्या गेटसमोरच्या मेडिकलमध्येच मिळालं होतं. ते तिथं कायम असतं.