उभं फावडं

"वारा आला पूर्वेचा, बर्फाचा झाला ढोल,
वरून गोरागोमटा, आत पोकळ बोल..."

खेचरं हाकताना ताता, एलियानाचे आजोबा, हे गायचे. आजोबा कधीचेच गेले. पण डोंगरापलीकडून पुएल्चे, पूर्वेचा वारा, सुटला, की एलियानाला त्यांचा तो खरखरीत आवाज ऐकू यायचा. आज तर सकाळपासून तो तिची पाठ सोडत नव्हता.

वर कड्याच्या टोकाशी तिचा धाकटा भाऊ फर्मीन स्नोबोर्डचे पट्टे आवळत होता. कड्याखाली उतार, आणि उताराच्या मधोमध वाऱ्याने रात्रभर आणून ओतलेला बर्फ, सायीसारखा गुळगुळीत. फर्मीनची उडी नेमकी तिथेच टेकणार होती.

त्यांची रीत साधी. बर्फ कोसळणारा नाही ना, हे ज्याने खणून तपासलं, त्याने खाली उभं राहायचं. फावडं उभं धरलं की उडी. आडवं टाकलं की सगळे आल्या वाटेने परत. 'का' विचारायचं नाही.

एलियानाचं फावडं अजून काखेतच होतं.

"अगं ए, झोपलीस काय?" वायरलेस खरखरला. "इथं माझं नाक गळून पडायची वेळ आली!"

"पडू दे, तेवढंच ओझं कमी," खडकाआड कॅमेरा लावून बसलेला गास्पार पुटपुटला. मग तिच्याकडे वळला. "खणलंस ना? घट्ट आहे म्हणालीस."

"घट्टच लागला."

"मग उचल की फावडं. ऊन चढतंय."

ती खडकापासून एक पाऊल पुढे सरकली. पायाखाली कुठंतरी खोल धप्प झालं, रिकाम्या घराचं दार आतून लागावं तसं. बुटापासून केसाएवढी चीर निघाली, सरसर मधल्या बर्फाकडे धावली आणि थांबली. उतार जागचा हलला नाही. दबा धरून बसल्यासारखा गप्प राहिला.

गास्पारचा चेहरा उतरला. "हे काय होतं?"

"आत पोकळ आहे," म्हणत तिने फावडं आडवं टाकलं.

"आता काय झालं?" वरून आवाज. "तूच म्हणालीस घट्ट आहे. सकाळी घट्ट आणि आता नाही?"

"फर्मीन, 'का' विचारायचं नसतं."

"तुझी भीती मी ओळखतो गं. भित्री कुठली! तुझ्या भीतीवर नाही, तू खणलेल्या खड्ड्यावर माझा भरवसा आहे. चल, येतोच. एक..."

तिचं बोट वायरलेसच्या बटणावर गेलं.

"दोन..."

"मी मधे खणलंच नाही!"

वरचं मोजणं थांबलं.

"काय म्हणालीस?"

"मधे पाय टाकायची छाती झाली नाही, बाळा. इथं कडेला, खडकाला धरून खणलं. कडेचा बर्फ घट्ट लागला, आणि तेच तुला येऊन सांगितलं."