चोवीस डेसिबल

बजरंगच्या पत्राला रखमाजींनी सात महिने उत्तर दिलं नव्हतं. रेल्वेत तारमास्तर असताना लोकांच्या तारा मिनिटात पुढे धाडणारा हा माणूस, पण स्वतःच्या चार ओळी लिहायच्या म्हटल्या की त्यांचा हात आखडायचा.

बजरंग त्यांच्याच हाताखाली तार शिकलेला, आता सासवडला होता. त्यानं विचारलं होतं, "मास्तर, हौशी रेडिओचं, हॅमचं लायसन्स मिळालं, पाच वॅटचा सेट बांधला. लोणावळ्यात तुमच्या सेटवर माझा सिग्नल येईल का? हिशेब करून सांगा. तुम्ही हो म्हणालात तरच गच्चीवर अँटेनाचा खांब उभा करतो."

आज त्याचं दुसरं कार्ड आलं. "उत्तर नाही, म्हणजे नाहीच असं समजतो. सोमवारी सेट मोडून सुटे भाग वाटून टाकतो."

आज शुक्रवार. टपालाची पेटी चारला उघडायची, आणि साडेतीन वाजले होते.

रखमाजींनी जुनी वही काढली. हिशेब पुन्हा एकदा मांडला. भाजं गाव माहेर असलेल्या त्यांच्या पत्नी शालूबाई ताक घेऊन आल्या.

"आवं, घामाघूम का झालाय?"

"बजरंगचा सिग्नल पोचत नाही गं. उणे एकशेसोळा येतो. माझा सेट उणे एकशेदहाच्या खालचं ऐकतच नाही."

"कसलं उणं? मला तरी कळू द्या."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "हे बघ, त्याच्या सेटची ताकद, पाच वॅट म्हणजे डेसिबलात सदतीस. दोन्हीकडच्या अँटेनांनी सात-सात वाढवली. तारांनी चार खाल्ली. पन्नास मैलांच्या अंतरानं एकशेचौदा खाल्ली. मधल्या डोंगरानं पंचवीस."

"आन ह्ये बारीक चार कशाचं?"

"ते... सेट कमजोर निघाला तर, म्हणून."

"आन हितं? अँटेनापाशी? दोन्हीकडं?"

"माझा अंदाज चुकला असला तर."

"तारंपाशीबी हाय. अंतरापाशीबी. डोंगरापाशीबी!" शालूबाईंनी बोटांवर मोजलं. "सा येळा चार. चोवीस! मंजी एक डोंगर मधी हाय, आन दुसरा तुमी सोता घातलाय व्हय?"

रखमाजींनी वही पुन्हा जवळ ओढली. बाकीचे आकडे सेटचे, तारांचे, डोंगराचे होते. चोवीस तेवढे त्यांचे स्वतःचे.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि एकेक बारीक चार खोडत गेले. सदतीस आणि चौदा, एक्कावन्न. तारांचे चार गेले, सत्तेचाळीस. अंतराचे, डोंगराचे... उणे ब्याण्णव!

"शालू! अठरा डेसिबल वर! अठरा! नुसता पोचत नाही, खणखणीत पोचतो!"

"मग वरडताय काय, ल्ह्या की!"

त्यांनी कार्डावर लिहिलं, "बजरंग, बहुधा पोचेल." मग 'बहुधा' खोडलं. खोडलेलं दिसू नये म्हणून दुसरं कार्ड घेतलं. "बजरंग, पोचतो. खांब उभा कर. पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी सेटवर बसलेला असेन." खाली सही. हिशेब मागच्या बाजूला.

एक चप्पल पायात, दुसरी दाराशीच, असे ते टपालपेटीकडे धावले. चढावर त्यांना धाप लागली. पेटीपाशी पोस्टमन जानू टपाल पिशवीत भरत होता.

"मास्तर! आवं, कुणाला काय झालं?"

"थांब, जानू! हे घे... नाही, थांब जरा."

खिशात पेन्सिल होती. एक चार. एकच लिहावा कुठंतरी, सावधगिरीचा.

"घालताय का लावू कुलूप?"

रखमाजींनी कार्ड पिशवीत टाकलं आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.