थंड खोलीबाहेरची बेल

मित्रांनो, मी एक बेल आहे. आता जुनी झाले आहे, खाऱ्या हवेनं माझी लाल टोपी गंजली आहे. बोईसरहून तारापूरकडे जाताना, पाम गावाच्या अलीकडे मासळीचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या थंड खोलीच्या दारावर मी टांगलेली आहे. माझं बटण आत आणि मी बाहेर. आत कोणी अडकलं तर त्यानं बटण दाबायचं आणि मी ओरडायचं, एवढंच माझं काम.

माझ्या येण्याची गोष्ट आनंदाची नाही. पूर्वी या दाराला बेल नव्हती. डोंगरपाड्यावरचा झिपरू नावाचा हमाल आत माल लावत होता आणि बाहेरून कोणीतरी दार ओढून घेतलं. आतली कडी बर्फानं धरली होती, ती फिरली नाही. दार उघडलं तेव्हा तो दाराला टेकून बसलेला होता, कुणाची तरी वाट बघत बसावं तसा. त्यानंतर मला आणलं, माझ्यापुढे नारळ फोडला. मालक हर्षितशेठ आल्या-गेल्याला मला दाखवायचे आणि म्हणायचे, "आता आमच्याकडे सगळी सोय आहे." आतली कडी मात्र तशीच राहिली.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी वाजले. तारेतून वीज आली आणि मी वाजले, मला दुसरं काय येतं? मासळी निवडणाऱ्या दातिवऱ्याच्या इंदुबाई आणि साखरबाई हातातला घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. सगळी माणसं बाहेरच होती.

"झिपरू हाय तो," इंदुबाई हळूच म्हणाली.

कोणी हललं नाही. सुपरवायझर सुलूताई तेवढ्या उठल्या. त्यांनी हात धुतले, दार उघडलं आणि आत हाक मारली, "कोण हाय?" शेवटच्या रॅकपर्यंत त्या जाऊन आल्या. आत कोणी नव्हतं.

सुलूताई वाणगावकडच्या एका पाड्यावरच्या ख्रिस्ती. रविवारी पाड्यावरच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात जायच्या. कामावर त्यांनी कधी कोणाला धर्म सांगितला नाही. सकाळी माझ्याखाली उभ्या राहून क्षणभर डोळे मिटायच्या आणि कामाला लागायच्या. पण उतरलेली मासळी ताज्या मासळीत मिसळू द्यायच्या नाहीत, आणि कोणालाही एकटं आत पाठवायच्या नाहीत.

त्यानंतर मी अधूनमधून वाजतच राहिले. मेकॅनिक रूपेश म्हणाला, वायरीत ओल धरली असेल. त्यानं वायर बदलली, बटण बदललं. मी तरीही वाजले. हळूहळू लोकांना सवय झाली. मी वाजले की कोणी पाठ फिरवायचं, कोणी विडी पेटवायला बाहेर जायचं. सुलूताई मात्र दर वेळी उठायच्या.

एक दिवस शेठनी त्यांना माझ्यासमोरच थांबवलं.

"ताई, दार उघडलं की गारवा जातो, माल मऊ पडतो. आणि तुमच्यात तर भुतं मानत नाहीत ना? मग उघडता कोणासाठी?"

"भुतासाठी नाय उघडत, शेठ. हाक आली तर जायचं, असं आमाला शिकवलंय. खरी का खोटी ते आत जाऊन बघायचं. भायेर उभं राहून ठरवायचं नाय."

"उद्या बेलची वायर तोडतोय. त्यानंतरही विनाकारण दार उघडलंत, तर दुसरीकडे काम बघा."

सुलूताईंनी दाराची मूठ दाबून दार नीट लावलं. मग म्हणाल्या, "पगार तुमचा खाते, तुमचं नुसकान माझ्या मनात नाय. पण आतली कडी तरी दुरुस्त करा."

"बघू," शेठ म्हणाले.

सकाळी रूपेशनं माझी वायर तोडली. इतके दिवस मी नको तेव्हा ओरडत होते. आता कोणी मरत असलं तरी माझ्या तोंडून शब्द फुटणार नव्हता.

एका दुपारी बाहेर टेम्पो भरत होते. बर्फ, आरडाओरडा, शेठ स्वतः उभे. त्या गडबडीत सुलूताई एकदम थांबल्या आणि वर माझ्याकडे बघू लागल्या.

"बेल वाजतेय," त्या म्हणाल्या.

इंदुबाईचा चेहरा उतरला. "सुलू, तिची वायर तोडलीय. काय बी वाजत नाय."

"ताई," शेठ लांबूनच म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?"

सुलूताईंचा हात दाराच्या मुठीवर होता. घरी खाणारी तोंडं बरीच आणि मिळवणाऱ्या त्या एकट्या. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि दार ओढलं.

पांढरं धुकं बाहेर आलं. त्यासोबत, दाराला टेकलेली साखरबाई उंबऱ्यावर कलंडली.

राहिलेली टोपली आणायला ती घाईत एकटीच आत गेली होती. दार उघडं दिसलं म्हणून टेम्पोवाल्यानं लावून घेतलं होतं. तिला उन्हात नेलं, गोणपाटात गुंडाळलं, तळपाय चोळले. बऱ्याच वेळानं तिला बोलता आलं.

"कवाधरनं बटण दाबत होते. कोणाला ऐकू कसं आलं नाय?"

"मला आलं," सुलूताई म्हणाल्या.

रूपेश स्टुलावर चढला. तुटलेल्या वायरीची दोन्ही टोकं त्यानं हातात धरून बघितली. ती एकमेकींपासून लांबच होती. त्यानं सगळ्यांना विचारलं. दुसऱ्या कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

मला कोणी विचारलं नाही, मित्रांनो. तुम्हाला सांगते. मी वाजले नव्हते.

त्याच संध्याकाळी शेठनी उभं राहून आतली कडी बदलून घेतली आणि माझी वायर जोडायला लावली. सगळे गेल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ताई, खरंच ऐकलीत?"

"रोज सकाळी एवढंच मागते, की कोणाची हाक माझ्याकडनं चुकू नये. बाकी मला ठाव नाय, शेठ."

अजूनही एखाद्या दुपारी मी वाजते आणि आत कोणी नसतं. आता इंदुबाईही उठते, कधी शेठ उठतात. शेवटच्या रॅकपर्यंत जाऊन आल्यावर सुलूताई दार जरा वेळ उघडंच ठेवतात. गार वारा माझ्याखालून बाहेर पडतो. परवा तो अडखळत गेला, जाता जाता माणूस उंबऱ्याशी चपला शोधतो तसा. झिपरूला वाट द्यावी तसे सगळे बाजूला सरकून उभे राहिले.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, आईबाबांच्या कारखान्यात माझ्यासारखी एखादी बेल असेल. तिची धूळ पुसा, तिची वायर सांभाळा. खोटी वाजते म्हणून तिला मुकी करू नका. आणि वाजली, तर आधी दार उघडा. आत कोण होतं, ते मग विचारा.