नात्याचा रकाना

मावशीच्या पाहुण्यांच्या वहीत ‘नातं’ असा एक रकाना आहे. तो मीच आखून दिला, तेव्हा पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मीच, हे आधी कबूल करते.

मी कर सल्लागार आहे. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढणं हा माझा धंदा, त्यामुळे आपल्या हातून चूक होत नाही अशी माझी समजूत होती. मावशीचं तळ्याकाठी लहानसं घर आहे. मागच्या खोलीत ती राहते, पुढच्या दोन खोल्या सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देते. अशा घरांना करात सवलत मिळते आणि मावशीचं सगळं त्या सवलतीवर चाललंय. सवलत गेली तर घर विकायचं आणि शहरात माझ्या आसपास एखाद्या चौथ्या मजल्यावर येऊन राहायचं, याशिवाय तिला दुसरा मार्ग नाही. चौथा मजला म्हटलं तरी तिला चक्कर येते.

यंदा नियम बदलला. वर्षातले निदान एकशे वीस दिवस घर परक्या माणसांना दिलेलं हवं. नातेवाईक राहिले तर ते दिवस धरायचे नाहीत. बरोबरच होतं म्हणा, साडू-मेहुण्यांना ठेवून घेऊन सवलत लाटणारे काही कमी नव्हते. मावशीचे एकशे एकतीस दिवस भरत होते. मी निर्धास्त होते. तिच्याकडून वहीच्या पानांचे फोटो मागवले आणि एक अक्षर न वाचता कर कार्यालयाला पाठवून दिले.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. वहीतल्या नोंदींप्रमाणे अठ्ठेचाळीस दिवस मालकिणीचे नातेवाईक राहिले आहेत, सबब सवलत का काढू नये, याचा खुलासा करावा. मला कळेना, एवढे नातेवाईक आले कुठून? मग पानं उघडली आणि कपाळाला हात लावला. पाहुणे एकमेकांचे कोण, नवरा-बायको की भावंडं, यासाठी मी तो रकाना ठेवला होता. मावशीने त्यात ते तिचे कोण ते लिहिलं होतं.

मी फोन लावला. “मावशी, हा भाचा कोण?”

“अगं, तो दुर्बिणवाला. पक्षी बघायला येतो बघ.”

“तो तुझा भाचा कधीपासून?”

“मावशी म्हणतो मला. मग काय लिहू, मेहुणा?”

“आणि हे व्याही?”

“ते निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. लेकीच्या लग्नाचं इतकं सांगितलं त्यांनी, की मला वाटायला लागलं, नवरामुलगा माझाच होता.”

“आणि लेक?”

“ती नर्स,” मावशी म्हणाली. “तूच म्हणाली होतीस, खरं तेच लिही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले, आणि शेवटी कार्यालयातल्या साहेबांना जाऊन भेटले. साहेब हसले नाहीत, पण मिशीखाली काहीतरी हललं. म्हणाले, “प्रत्येकाकडून स्वहस्ताक्षरात लिहून आणा, की मालकीणबाई आमच्या कोणी लागत नाहीत.”

दुर्बिणवाल्याचं पत्र दुसऱ्याच दिवशी आलं. खाली लिहिलं होतं, ‘मावशींचा गुडघा आता कसा आहे?’ ते मी त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतलं. मास्तरांनी वळणदार अक्षरात दोघांच्या सह्या करून पाठवलं. आधीच्या त्र्याऐंशी दिवसांत या दोन पत्रांचे मिळवून एकशे सतरा झाले. तीन कमी. नर्सचे चौदा होते आणि तिचं पत्र काही येईना.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मावशीचा फोन आला, नर्स स्वतःच आली आहे, तूही ये. मी दुपारी पोचले. नर्स स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, पुढे कोरा कागद, त्यावर पेनाचं टोपण. चाळिशीची, सडसडीत, हात धुऊन धुऊन कोरडे पडलेले.

“दोनदा लिहायला घेतलं,” ती मला म्हणाली. “पहिल्या वर्षी आले तेव्हा मी तीन दिवस नुसती झोपून होते. यांनी उठवलं नाही, काही विचारलंही नाही. चौथ्या दिवशी दारातून म्हणाल्या, पाणी तापलंय, आंघोळ कर. माझ्याशी असं कोणी बोलून वर्षं झाली होती. आता यांनाच ‘कोणी नाहीत’ कसं लिहू?”

माझ्याकडे नियमाचं उत्तर होतं. ते मी गिळलं.

मावशी तिच्याजवळची खुर्ची ओढून बसली. “लिही गं,” ती म्हणाली. “कागदाला काय कळतंय? मी तुझी कोणी नाही असं लिहिलंस तर हे घर राहील. घर राहिलं तर तू येशील. आणि खरं लिहून बसलीस, तर पुढच्या वर्षी येशील कुठे?”

नर्सने लिहिलं. एकच ओळ, पण तिला बराच वेळ लागला. तोवर मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. सही झाली तशी मावशीने कागद उचलला, लांब धरून वाचला आणि म्हणाली, “अक्षर चांगलं आहे हो तुझं.”

आता खुलाशाचा अर्ज तेवढा भरायचा होता. मी तिथेच भरायला घेतला. शेवटचा प्रश्न होता : मालकाचे प्रत्यक्ष नातेवाईक वर्षभरात किती दिवस राहिले? मावशीला रक्ताचं असं मी एकटीच. मी वही चाळली. यंदाची पानं झाली, मागच्या वर्षाची झाली, त्याच्या मागचीही. पाहुणे म्हणून शेकड्यांनी माणसं होती. माझं नाव कुठेच नव्हतं. मी दर वर्षी यायची ती कागद घ्यायला, आणि दिवस मावळायच्या आत निघायची. अर्जावर मी शून्य लिहिलं. मला फार लाज वाटली.

मावशीने ते पाहिलं. “एकशे एकतीस भरले ना गं?”

“हो.”

“आणि लागतात एकशे वीस. म्हणजे अकरा वरचे आहेत.”

“हो.”

“मग पुढच्या वर्षी ते अकरा तू घे. पुढची खोली देते, तळ्याकडची.”

“येईन,” मी म्हणाले.

“येईन नको. तारखा सांग.”

नवी वही उघडून, हातात पेन घेऊन ती थांबली होती. माझ्या नुसत्या ‘येईन’वर तिचा विश्वास नव्हता, आणि तो का नव्हता हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी पर्समधून डायरी काढली.