दहा दिवस आधी

पिवळ्या तापाची लस कुपीच्या तळाशी सुकी असते. फिकी, किंचित नारिंगी झाक असलेली चकती, करंगळीच्या नखापेक्षा लहान. सोबतच्या सिरिंजमधला अर्धा मिलिलिटर द्रव आत सोडला की ती आधी कडेने सुटते. मधोमध ढगासारखा एक भाग उरतो, आणि कुपी हलक्या हाताने फिरवत राहिलं तर पंधरा-वीस सेकंदांत तोही जातो. जोरात हलवायची नाही, फेस होतो.

टोचते नर्स इनेज, सही डॉक्टर अजरा करतात. फ्रिजचं तापमान, साठा, प्रवाशांचे फॉर्म आणि लस घेतल्याचा दाखला म्हणून मिळणारं पिवळं कार्ड भरणं ही माझी कामं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं आहे. शारजातल्या या क्लिनिकमध्ये मला पाच वर्षं झाली.

आमच्याकडे येणारे बरेच जण पश्चिम आफ्रिकेला निघालेले असतात. घानाला जायचं तर व्हिसाइतकंच हे कार्ड लागतं, आणि ते लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. लोक हे दहा दिवस विसरतात. उद्याचं विमान आहे, काहीतरी करा, म्हणतात. काही करता येत नाही. मलेरियाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, औषधांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत का ठेवायची, बियाणं आणि रोपं कस्टमला का दाखवावी लागतात, हे सगळं मी प्रत्येकाला सांगते. मी स्वतः घाना पाहिलेला नाही.

माझा नवरा, रुपेश, तिथे टेमा नावाच्या बंदराच्या गावात राहतो. अकरा वर्षं तो दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात मॅनेजर होता. कंपनीने टेमाला तांदूळ आणि डबाबंद मालाची शाखा उघडली तेव्हा त्याला पाठवलं. त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले. मी अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्येच राहिले. ठरलं असं होतं, की तो आधी स्थिरावेल आणि मग मी नोकरी सोडून जाईन.

तो दर आठवड्याला विचारायचा, "घेतलीस का लस?"

पहिल्या वर्षी दोन महिने आमच्याकडे साठाच आला नव्हता. मी त्याला तसं सांगितलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही. नंतर क्लिनिकने कर्मचाऱ्यांना गोवराची लस घ्यायला सांगितली. तीही जिवंत लस. अशा दोन लसींमध्ये चार आठवडे अंतर ठेवतात. त्याचा फोन सोमवारी आला होता, मी गोवराची लस मंगळवारी घेतली. घाई नव्हती, यादीत माझं नाव शेवटी होतं. मी मुद्दाम पुढे गेले.

मग मागच्या वर्षीचा मार्च. रुपेश फेब्रुवारीत पंधरा दिवस येऊन गेला होता आणि माझी पाळी लांबली. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. शक्यता किती, हे मला माहीत होतं. तपासणीची पट्टी माझ्या टेबलापासून दहा पावलांवर, कपाटात होती. मी त्याला म्हटलं, गरोदरपणात ही लस शक्यतो देत नाहीत, जरा थांबू या. मी नऊ दिवस ती पट्टी काढली नाही. सहाव्या दिवशी त्याने टेमाच्या घरातल्या लहान खोलीचा फोटो पाठवला. तिला त्याने फिकट निळा रंग दिला होता, आणि खिडकीच्या चौकटीवर ओघळ आले होते, कारण तो स्वतःच ब्रश घेऊन बसला होता. दहाव्या दिवशी पट्टी काढली आणि त्याला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "असू दे, गिरू." पुढे त्या खोलीविषयी तो कधी बोलला नाही.

मी सांगितलेलं काही खोटं नव्हतं. प्रत्येक गोष्ट पुस्तकात सापडेल.

आता त्याने बावीस तारखेचं तिकीट काढलं होतं. तीन आठवडे ये, घर बघ, मग राजीनाम्याचं बघू, असं त्याचं म्हणणं. लग्नानंतर त्याची नोकरी मस्कतला होती, तिथेही मी आधी फक्त बघायलाच गेले होते, नाशिकची प्रयोगशाळा सोडून. मस्कत सोडून त्याच्यामागे अजमानला आले, तेव्हा बघणंही नव्हतं. आज बारा तारीख. बावीसला कार्ड लागू व्हायचं, तर लस आजच टोचायला हवी होती. क्लिनिक साडेपाचला बंद होतं.

"बाई, तुझा हात कधी देणार आहेस?" सकाळी आल्या आल्या इनेजने विचारलं. ती वसईची. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, आणि सगळ्यांनाच बाई म्हणते. "आख्ख्या शारजाला टोचून झालं. तू तेवढी राहिलीस."

"दुपारी बघू."

"दुपारी, संध्याकाळी! तुझ्या नवऱ्याच्या जागी मी असते ना, दुसरी बायको बघितली असती."

"त्याला सांग."

"सांगेन की, नंबर दे," ती म्हणाली आणि हातमोजे घालत हसली.

तीनच्या सुमाराला अण्णासाहेब नावाचे एक गृहस्थ आले. फॉर्मवर वय अडुसष्ट. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांची अबुधाबीत कॉन्ट्रॅक्टिंगची कंपनी होती, ती त्यांनी विकली होती. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा दर्शन घानाच्या राजधानीत, अक्राला असतो, तो त्यांना कायमचं तिकडे बोलावत होता. हे सगळं त्यांनी मी न विचारताच सांगितलं आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, तुम्ही आपल्याकडच्या दिसता. मला एक पत्र द्या."

"कसलं पत्र?"

"हेच, की या माणसाला ही लस चालणार नाही. वय झालंय. फॉर्ममध्येच विचारलंय ना तुम्ही, साठच्या वर आहात का म्हणून? मी आहे. अगदी व्यवस्थित आहे."

"साठीनंतर धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टर जास्त तपासतात. तरी गंभीर त्रास लाखात काही जणांनाच होतो. तुमचे रिपोर्ट चांगले आहेत."

"चांगले कसे? गुडघा दुखतो."

"गुडघ्याचा लसीशी संबंध नाही, काका."

"लावला तर लागेल," ते म्हणाले. मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी फोन काढून मला नातवाचा आवाज ऐकवला. "आजोबा, डिड यू गेट द शॉट? पापा इज आस्किंग." फोन त्यांनी पालथा ठेवला.

"बघा, पापा विचारतोय. दर्शन चांगला मुलगा आहे. सूनही चांगली आहे. तिने लोणच्याची यादी पाठवली आहे. चालतं का हो लोणचं तिकडे?"

"बंद बरणीतलं घेऊन जा, आणि विचारलं तर दाखवा. ताजी फळं, रोपं नकोत."

"हं. पण मला तिकडे जायचंच नाही. मला सांगलीला जायचंय. बहीण आहे तिथे, दोन मित्र आहेत, संध्याकाळी ब्रिज खेळतात. पण दर्शनला कसं सांगणार? तो म्हणेल, मी इथे असताना तुम्ही बहिणीकडे? म्हणून म्हटलं, डॉक्टरच नाही म्हणाले, तर कुणाचंच वाईट दिसणार नाही."

मी त्यांचा फॉर्म पुन्हा पाहिला. आजारांचे चौकोन त्यांनी स्वच्छ अक्षरात "नाही, नाही, नाही" लिहून भरले होते.

"काका, त्या पत्राने तुमचं काम होणार नाही," मी म्हटलं. "लस चालत नाही, असं लिहून दिलं तर ते कार्डाच्या जागी दाखवायचं असतं. मान्य करायचं की नाही ते विमानतळावरचे अधिकारी ठरवतात, आणि बरेचदा सोडतात. पत्र घेऊनही तुम्ही अक्राला पोचू शकता."

"म्हणजे पत्रावरही जाता येतं?"

"येतं."

"मग नाही कुणी म्हणायचं?"

"तुम्हीच."

त्यांनी एक पेन खिशातून काढलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "कंपनीत मी माणसांना कामावरून काढलंय, मॅडम. समोर बसवून. पण हे नाही जमायचं." आणि ते शर्टाची बाही वर करायला लागले.

"आजच घ्यायला हवी असं नाही. विचार करा, परवा या."

"परवा काय वेगळं होणार आहे? द्या, टोचा." बाही वर करताना ते सहज म्हणाले, "तुम्ही गेलाय का हो घानाला?"

"नाही. माझे मिस्टर आहेत तिथे."

"मग तुम्ही इथे कशा?"

एवढ्यात इनेज ट्रे घेऊन आली.

डॉक्टर अजरांनी त्यांना तपासून सही केली. इनेजने टोचलं. त्यांनी अर्धा तास बाहेरच्या खुर्चीत बसायचं होतं. मी त्यांचं कार्ड भरलं: नाव, पासपोर्ट क्रमांक, लसीचा क्रमांक, बावीस तारखेपासून लागू. काचेतून ते दिसत होते. कापसाचा बोळा दंडावर धरून सरळ बसले होते, रक्त केव्हाच थांबलं होतं तरी. कार्ड द्यायला मी बाहेर गेले तेव्हा ते फोनवर म्हणत होते, "घेतली रे, घेतली. खलास. आता येतोच." त्यांचा आवाज आनंदी होता. मी कार्ड हातात दिलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

चार वीसला इनेजने दुसरा ट्रे आणून माझ्या टेबलावर ठेवला. तिने कुपी अजून उघडली नव्हती.

"यल्ला, चल बाई. पाच मिनिटांचं काम."

"इनेज, जरा थांब. मला फोन करायचाय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ट्रे उचलून ती आत गेली आणि मला फ्रिजचं दार बंद झाल्याचं ऐकू आलं.

मी साठ्याच्या खोलीत गेले. तिथे खिडकी नाही, फक्त फ्रिजची घरघर असते. अजमानच्या फ्लॅटमध्येही संध्याकाळी असाच आवाज असतो. मी आल्यावर सगळे दिवे लावते. कधी एकाच भांड्यात खिचडी करून त्याच भांड्यात खाते. मला एकटीने राहायला आवडतं असं नाही. काही रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत मी एक शब्द बोललेले नसते, आणि सोमवारी पहिलं वाक्य घसा खाकरून काढावं लागतं. पण मस्कतला दोघं एका घरात असताना, तो कामावरून येईपर्यंत मी चार वर्षं गॅलरीत उभी असायचे. मला ते दिवस पुन्हा नको होते. हे मला दोन वर्षं माहीत होतं.

टेमाला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. दुसऱ्या रिंगलाच त्याने उचलला.

"घेतलीस?"

"नाही."

"अगं, अजून तास आहे ना? स्टॉक संपला का?"

"नाही. फ्रिजमध्ये तेरा आहेत."

"मग? ताप-बिप आहे का तुला?" मागे कुणीतरी लोखंडी शटर ओढत होतं. तो तिथून बाजूला गेला, आवाज कमी झाला. "गिरू, बरी आहेस ना?"

"मला काही झालेलं नाही."

"मग असं करू, मी तिकीट पुढच्या महिन्यात टाकतो. घाई नको. असेल काहीतरी तुमच्या मेडिकलचं, मला कुठे कळतंय त्यातलं. काय आहे ते सांग फक्त."

तो कारणाची वाट बघत होता, आणि मी देईन ते कारण तो घेणार होता, हे मला कळत होतं. रक्ताचा रिपोर्ट, ॲलर्जी, एखादं औषध, काहीही चाललं असतं.

"रुपेश," मी म्हटलं, "मी टेमाला राहायला येणार नाही. पुढच्या महिन्यातही नाही. लसीमुळे नाही. मला यायचं नाही."