चौदावं रीळ

"चौदावं डब्यातच राहू दे. आणि आज गडबड नाही पाहिजे, समजला का? आज बाल्कनीत आपली सगळी मंडळी आहेत," अप्पासाहेब केबिनच्या दारातूनच म्हणाले. टॉकीज त्यांची, केबिन त्यांची, पण वर्षभरात त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता.

"हो साहेब," संताजी म्हणाला आणि मशीनची काजळी फडक्यानं पुसत राहिला.

"तेराव्यात वरात आली, बेंड वाजला, की दिवा बंद आणि पडद्यावर 'समाप्त' लिहिलेली काच. पब्लिक खुश होऊन घरी गेली पाहिजे. काय?"

"हो साहेब."

अप्पासाहेब जिना उतरून गेले. संताजीनं चौदाव्या रिळाचा डबा फळीवरून काढला आणि दुसऱ्या मशीनपाशी ठेवला.

संताजी शितोळे जन्मभरात सगळ्यात जास्त काय बोलला असेल तर हेच, 'हो साहेब'. आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, घोड्यावरून राजवाड्यासमोरून जात तेव्हा म्हणे लोक बाजूला सरत. नातू विजयमाला टॉकीजच्या केबिनमध्ये सोळा वर्षं रिळं फिरवत होता आणि तोच लोकांना बघून बाजूला सरत होता. संस्थान जाऊन मध्य भारत आला त्यालाही पाच वर्षं झाली होती. पण विजयमालेत राज्य अप्पासाहेबांचंच होतं.

चित्रपट भुताचा होता. त्यात एक ठाकूर असतो, त्याच्या हवेलीत एक मेलेली मोलकरीण फिरत असते, आणि ठाकूर नवी नवरी करून आणतो. तेराव्या रिळात वरात येते. चौदाव्यात भूत माडीवरच्या खोलीत शिरतं आणि ठाकूर घाबरून खोलीला बाहेरून कडी लावतो. नवरी आतच राहते. ती दार ठोठावते, नाव घेऊन हाका मारते. ठाकुराला कळतं की ही आपली बायको आहे, भूत नाही, आणि तरी तो कडी काढत नाही. ठोठावणं हळू हळू होतं. मग थांबतं. पडद्यावर फक्त कडी दिसते, आणि संपलं. ना कुणी वाचवायला येतं, ना ठाकुराला शिक्षा होते.

पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला हा शेवट दाखवला तेव्हा एक बाई चक्कर येऊन पडली आणि खालच्या वर्गानं पडद्यावर चपला फेकल्या. "पैसे वापस करो," म्हणून बोंबाबोंब झाली. त्याच संध्याकाळपासून अप्पासाहेबांनी चौदावं बंद केलं. मग काय, लोक वरात बघून, बेंडावर ताल धरून घरी जाऊ लागले आणि चित्रपट धो धो चालला. अर्ध्या इंदुराला वाटत होतं की ती नवरी सुखानं नांदली!

चपलांचं कारण खरंच होतं, नाही असं नाही. पण त्या पहिल्या खेळाला संताजीनं केबिनच्या काचेतून आणखी एक गोष्ट पाहिली होती. दार ठोठावायला सुरुवात झाली तसे अप्पासाहेब बाल्कनीतून उठले आणि धोतराचा सोगा हातात धरून पळाल्यासारखे बाहेर गेले. 'अच्छा,' संताजी मनात म्हणाला होता, 'म्हणजे ऐकू येतं तर तुम्हाला.'

गेल्या वर्षीपर्यंत विजयमालेत एक रीत होती. खेळ सुरू झाला की केबिनला बाहेरून कडी. ऑपरेटरचे दोस्त फुकटात आत शिरतात आणि ऑपरेटर पान खायला बाहेर पडतो, म्हणून. कडी अप्पासाहेब स्वतः लावत आणि मध्यंतराला स्वतः काढत. आत हरी भोईटे आणि संताजी. हरीदादानंच संताजीला मशीन शिकवली होती. फिल्म कशी चढवायची, दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या कधी बदलायच्या, आणि ही फिल्म किती पटकन पेट घेते ते. एकदा त्यानं बोटभर तुकडा अंगणात पेटवून दाखवला होता. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपला.

एक दिवस कांड्या कमी पडल्या म्हणून संताजी खेळाआधी खालच्या गुदामात गेला. तो यायच्या आत अप्पासाहेबांनी कडी लावली. कांड्या घेऊन तो जिना चढतो तर दाराच्या फटीतून पिवळा धूर येत होता, आणि दारासमोर अप्पासाहेब उभे.

"साहेब, कडी काढा!"

"खुळा झाला का? दार उघडलं तर आग बाल्कनीत येईल. तीनशे लोक आहेत. आधी पब्लिक निघू दे."

त्यांनी संताजीचं मनगट धरलं होतं. साठीचा माणूस, हिसका दिला असता तर सुटलं असतं. संताजीनं हिसका दिला नाही. आतून हरीदादा दार ठोठावत होता.

पब्लिक निघाली. एकालाही खरचटलं नाही. मग कडी निघाली, तोवर हरीदादा गेला होता. वर्तमानपत्रात अप्पासाहेबांच्या धीराचं कौतुक आलं. चौकशीत त्यांनी सांगितलं, "ऑपरेटर बिडी ओढत होता." हरी, आणि बिडी! कुणाच्या खिशात आगपेटी वाजली तरी त्याला जिन्यावरून खाली पिटाळणारा माणूस तो! संताजीला विचारलं, "दाराला बाहेरून कडी होती का?" तो म्हणाला, "मी पाहिलं नाही." नोकरी होती, घरी बायकापोरं होती. तोवर दारावरची कडी गेली होती, भोकं लांबीनं बुजवून वर हिरवा रंग दिला होता.

मल्हारगंजात मग हरीचं नाव पडलं बिडीवाला. नळावर बाया त्याच्या बायकोला ऐकवायच्या, "तुझ्या नवऱ्यानं तीनशे लोक मारले असते, बाई." रमावहिनी तीन महिने टिकल्या आणि भावाकडे देपालपुरला निघून गेल्या.

तेव्हापासून संताजीच्या छातीत एकच गोष्ट धुमसत होती. ह्या म्हाताऱ्यानं चार लोकांत आपल्या तोंडानं बोललं पाहिजे. कोर्ट नको, कागद नको. बोलला पाहिजे. आणि बोलेपर्यंत त्यानं ते ठोठावणं ऐकलं पाहिजे.

पन्नासाव्या दिवसाचा खास खेळ रविवारी तीनला ठरला. गावातले वकील, डॉक्टर, अप्पासाहेबांचे व्याही, सुना, सगळ्यांना आमंत्रणं गेली. बुधवारी संताजीनं बोहरा बाजारातून एक जाडजूड कडी आणली आणि केबिनच्या दाराला आतून बसवली. त्याच दिवशी देपालपुरला कार्ड टाकलं: 'वहिनी, रविवारी तीनच्या खेळाला या. नाही म्हणू नका.'

रमावहिनी आल्या. पांढरं लुगडं, हातात पिशवी. बायकांच्या दारापाशी थबकल्या.

"भावजी, मी इथं पाय ठेवणार नव्हते."

"माहीत आहे, वहिनी. आजच्या दिवस बसा. आज हरीदादाचं नाव साफ होणार आहे."

"कोण करणार?"

"अप्पासाहेब. त्यांच्या तोंडानं."

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ते कशाला करतील?"

"मी करवणार," संताजी म्हणाला. सोळा वर्षांत त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. बायकांच्या दारावरच्या गंगूबाईनं वहिनींना बाल्कनीच्या बरोबर खाली, जनान्यात, कडेची खुर्ची दिली.

खेळ सुरळीत चालला. तेराव्यात वरात आली, बेंड वाजला. बाल्कनीत व्याही खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरत होते. संताजीनं आतली कडी सरकवली. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायची खूण चमकली आणि त्यानं मशीन बदलली. चौदावं सुरू झालं.

अर्धं मिनिट अप्पासाहेबांना काही उमजलं नाही. मग ठाकुरानं खोलीला कडी लावली आणि पहिली थाप पडली. त्या प्रसंगाला ना सारंगी ना तबला. थाप, मग शांतता, मग थाप. काचेतून संताजीनं पाहिलं. अप्पासाहेब उठले, लोकांच्या गुडघ्यांवरून अडखळत जिन्याकडे धावले. संताजीला भलताच आनंद झाला.

दारावर धक्का बसला.

"संताजी! ए संताजी! काय करून राहिला तू? बंद कर!"

"ऐका ना साहेब. थोडं ऐका."

"दार उघड!"

"उघडतो," संताजी आतून ओरडला. "आधी पब्लिक निघू दे."

ते ऐकून अप्पासाहेब दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. आता पडद्यावर एक दार वाजत होतं आणि केबिनचं एक. खाली कुणीतरी ओरडलं, बाल्कनीत अप्पासाहेबांची धाकटी सून हुंदके देऊन रडायला लागली. लोक उठून मागे बघत होते.

"काय पाहिजे तुला? बोल, काय पाहिजे?"

"हरी बिडी ओढत होता?"

"संताजी, लोक बघून राहिले रे..."

"बघू द्या! मोठ्यानं सांगा. ओढत होता?"

"नाही! नव्हता ओढत!" अप्पासाहेबांचा आवाज फाटला. थापांच्या मधल्या शांततेत तो बाल्कनीभर गेला, खाली जनान्यापर्यंत गेला. "कडी मी लावली होती! मीच लावली! आता तर बंद कर!"

झालं. वर्षभर ज्यांची वाट पाहिली ते शब्द बोलून झाले. बटण हाताशी होतं. रीळ संपायला दोन मिनिटं उरली होती.

संताजीनं बटण दाबलं नाही. म्हाताऱ्याला पुरं ऐकू दे, शेवटपर्यंत. हरीदादाला कुणी मधेच सोडवलं होतं का? तो मशीनला पाठ लावून उभा राहिला. थापा हळू झाल्या. मग दोन थापांत इतकं अंतर पडलं की आता झालं असं वाटावं, आणि पुन्हा एक पडे. मग पडलीच नाही.

दिवे लागले तेव्हा ह्या खेपेला कुणी चपला फेकल्या नाहीत. संताजीनं कडी काढली. अप्पासाहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, टोपी मांडीवर. ओरडतील, हाकलतील अशी त्याची तयारी होती. ते फक्त म्हणाले, "तुझं मनगट मी किती घट्ट धरलं होतं रे? खरं सांग."

संताजी खाली उतरला. त्याला वहिनींकडे पोचायचं होतं. नाव साफ झालं होतं. वकील, डॉक्टर, सगळ्यांनी ऐकलं होतं. उद्या नळावर बाया काय बोलतात ते बघतोच, असं मनाशी म्हणत तो जवळजवळ धावतच बायकांच्या दाराशी आला.

जनाना रिकामा होता. रमावहिनी तेवढ्या खुर्चीत बसल्या होत्या आणि गंगूबाई त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरून उभी होती. पेल्याला हात लागला नव्हता.

"वहिनी, ऐकलंत ना? कबूल झाला! सगळ्यांसमोर!"

"ऐकलं," त्या म्हणाल्या. पडद्याकडेच बघत होत्या. "भावजी, तुम्ही मला सांगितलं होतं की धुरानं त्यांना लगेच झोप लागली. त्यांना काही कळलंच नाही म्हणून."

हो, संताजीनं सांगितलं होतं. हरीदादाच्या तेराव्याच्या दिवशी, त्यांच्या पुढ्यात बसून, शपथ घेऊन सांगितलं होतं. त्या एका गोष्टीवर ही बाई वर्षभर जगली होती, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. कार्ड लिहिताना नाही, कडी बसवताना नाही, बटण न दाबता उभं राहताना तर नाहीच.

"तुम्ही आत्ता वर जे म्हणालात ना, आधी पब्लिक निघू दे. ते खाली ऐकू आलं. तसं तेव्हा कुणी म्हणालं होतं?"

"अप्पासाहेब."

"आणि तुम्ही तिथं होतात."

गंगूबाईनं पेला खाली ठेवला आणि तोंड फिरवलं.

"किती वेळ वाजवत होते ते?"

"वहिनी..."

"आजच्याएवढा? की जास्त?"

"जास्त," संताजी म्हणाला. ह्या एका प्रश्नाला त्याला खोटं बोलता आलं नाही.

वहिनींनी मान हलवली. पिशवी उचलली, पदर डोक्यावरून घेतला आणि बाहेर आल्या. उन्हं उतरायला अजून वेळ होता. रस्त्यावर खेळातून सुटलेली माणसं घोळक्यानं उभी राहून हळू आवाजात बोलत होती, हरीचं नाव घेत होती. देपालपुरची शेवटची मोटर सहाला होती.

"स्टँडपर्यंत येतो," असं म्हणून संताजी चार पावलं मागून चालायला लागला. बाजाराच्या तोंडाशी वहिनी थांबल्या, म्हणून तोही थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेला त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि तो परत फिरेपर्यंत तशाच उभ्या होत्या.